रिचार्ज स्वस्त दिसतो, पण पडतो कितीला?

पॅकवर छापलेला आकडा म्हणजे तुमचा खर्च नव्हे. खरा खर्च तीन गोष्टींवर ठरतो: पॅक किती दिवस चालतो, त्यातला किती डेटा तुम्ही खरोखर वापरता आणि त्या आकड्यामागून आणखी किती रुपये चिकटतात. अँड्रॉइड फोन वापरणाऱ्याला हे तिन्ही घरबसल्या तपासता येते. खाली दिलेले दर जुलै २०२४ च्या दरवाढीनंतरचे आहेत. कंपन्या पॅक बदलत असतात, म्हणून रिचार्ज मारण्याआधी कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा दूरसंचार नियामक ट्रायच्या दरांच्या पोर्टलवर आजचा आकडा पाहा. हिशेबाची रीत मात्र तीच राहील.

आधी वापर मोजा, मग पॅक निवडा

दुकानदाराला ‘कोणता पॅक चांगला?’ विचारू नका. तुमच्या फोनला विचारा. सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, मग ‘सिम’ किंवा ‘इंटरनेट’ आणि तिथे ‘डेटा युसेज’ उघडा. सॅमसंगमध्ये हीच गोष्ट ‘कनेक्शन्स’मध्ये आहे. सापडली नाही तर सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘डेटा युसेज’ टाइप करा.

तिथे गेल्या महिन्याचा एकूण मोबाइल डेटा आणि कोणत्या अ‍ॅपने किती खाल्ला, हे दोन्ही दिसते. एकूण आकड्याला ३० ने भागा. दिवसाची सरासरी निघाली. दीड जीबीच्या पॅकवर २८ दिवसांत ४२ जीबी मिळतात. तुमचा वापर १५ जीबी असेल तर उरलेल्या २७ जीबीचे पैसे तुम्ही भरता आणि रोज रात्री १२ वाजता सोडून देता, कारण रोजचा न वापरलेला डेटा बहुतेक पॅकमध्ये पुढे जात नाही.

एक खबरदारी. फोनमधले मोजमापाचे चक्र महिन्याच्या ठरावीक तारखेला सुरू होते, तुमचा २८ दिवसांचा पॅक मात्र दर महिन्याला दोन-तीन दिवस मागे सरकतो. त्यामुळे फोनचा आकडा आणि कंपनीचा आकडा तंतोतंत जुळणार नाही. शिल्लक किती हे कंपनीच्या अ‍ॅपवर पाहा, पैसे कुठे जातात हे फोनवर पाहा. घरी वायफाय असेल तर ‘वायफाय डेटा’ आणि ‘मोबाइल डेटा’ हे आकडे वेगळे आहेत याचीही खात्री करा.

दिवसाचा दर काढा

२८ दिवसांचा पॅक म्हणजे महिन्याचा पॅक नव्हे. वर्षात असे १३ रिचार्ज बसतात, १२ नाही. तेरावा रिचार्ज बजेटमध्ये कोणी धरत नाही.

म्हणून कुठलाही पॅक समोर आला की किंमत भागिले दिवस, एवढेच करा. जिओचा २९९ चा पॅक, रोज दीड जीबी, २८ दिवस: दिवसाला सुमारे १० रुपये ६८ पैसे. तोच रोजचा दीड जीबी ८४ दिवसांसाठी ७९९ ला: दिवसाला सुमारे ९ रुपये ५१ पैसे. तीन वेळा २९९ भरले तर ८९७ होतात. एकदम ७९९ भरले तर ९८ रुपये वाचतात. हातात रक्कम असेल आणि त्या कंपनीची रेंज तुमच्या घरात व कामाच्या जागी चांगली असेल, तर लांबचा पॅक घ्या. रेंजबद्दल शंका असेल तर आधी एक २८ दिवसांचा पॅक मारून पाहा. कंपनी सोडताना उरलेले दिवस बुडतात.

पगार महिन्याच्या ठरावीक तारखेला येतो आणि रिचार्जची तारीख मागे सरकत राहते, ही अडचण असेल तर ३० दिवसांचा किंवा दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा पॅक मागा. असा प्रत्येकी किमान एक पॅक ठेवणे ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केले. हे पॅक यादीत खाली असतात आणि आपणहून सहसा कोणी दाखवत नाही. त्यांचाही दिवसाचा दर काढूनच घ्या.

आता घराचा हिशेब. चार माणसे, चार फोन, चौघांना सरसकट २९९ चा पॅक: वर्षाचे १५,५४८ रुपये. तेच चार फोन गरजेप्रमाणे लावून पाहा. फक्त बोलणाऱ्या आजोबांना एअरटेलचा १,८४९ चा वर्षभराचा व्हॉइस पॅक. दिवसभर घरच्या वायफायवर असलेल्या आईला २ जीबीचा १९९ चा पॅक, वर्षाचे २,५८७. बाहेर फिरणाऱ्या वडिलांना ८४ दिवसांचा ७९९, वर्षाला सुमारे ३,४७२. कॉलेजातल्या मुलीला रोज २ जीबी आणि ५जी असलेला ३४९, वर्षाचे ४,५३७. बेरीज १२,४४५. फरक ३,१०३ रुपये, आणि मुलीला उलट जास्त डेटा मिळाला. वायफायचे बिल तुम्ही आधीपासून भरतच असाल, तर ही निव्वळ बचत. केवळ यासाठी वायफाय घेणार असाल, तर त्याचे मासिक भाडे यात मिळवा आणि मग ठरवा.

दीड जीबी, दोन जीबी की ५जी?

दिवसाचा डेटा संपला की नेट बंद पडत नाही, ६४ केबीपीएसवर येते. या वेगात पाच एमबीचा एक फोटो उतरायला दहा मिनिटांहून जास्त लागतात. मग माणूस डेटा व्हाउचर मारतो. पैसे इथेच गळतात.

जिओचे १ जीबीचे व्हाउचर १९ रुपये, एअरटेल आणि व्हीआयचे २२. बहुतेकांची मुदत एका दिवसाची. आता तुलना करा. जिओच्या २९९ आणि ३४९ या पॅकमध्ये फरक ५० रुपयांचा. त्या ५० रुपयांत रोज अर्धा जीबी, म्हणजे २८ दिवसांत १४ जीबी जास्त मिळतात. व्हाउचरने घ्याल तर तीन व्हाउचरला ५७ रुपये आणि मिळतात फक्त ३ जीबी. सोपा नियम: २८ दिवसांत तीन वेळा व्हाउचर मारावे लागत असेल तर वरचा पॅक घ्या. एखाद-दुसऱ्या वेळी लागत असेल तर खालचाच ठेवा.

व्हाउचर मारण्याआधी घड्याळ पाहा. रोजचा कोटा मध्यरात्री नव्याने सुरू होतो. रात्री अकराला मारलेल्या एका दिवसाच्या व्हाउचरचा उपयोग तासाभराचा.

‘अनलिमिटेड ५जी’ची अट नीट वाचा. जुलै २०२४ पासून जिओ ते रोज २ जीबी किंवा जास्त डेटा असलेल्या पॅकवर देते. इतरांचीही किमान पॅकची अट असते. त्यासाठी फोन ५जी हवा, तुमच्या भागात ५जी टॉवर हवा आणि फोनच्या सिम सेटिंगमध्ये ‘प्रिफर्ड नेटवर्क टाइप’ ५जीवर हवा. यातले एकही नसेल तर तुम्ही ४जी वापरता आणि तो डेटा रोजच्या कोट्यातून कापला जातो. एसटीने गावी निघालात आणि घाटात ५जी गेले की कोटा सुरू झाला. प्रवासात व्हिडिओ पाहणार असाल तर घरीच डाउनलोड करून निघा.

व्हिडिओला नेमका किती डेटा लागतो? नेटफ्लिक्सने स्वतः दिलेले आकडे अंदाजाला पुरतात: कमी दर्जाला तासाला सुमारे ०.३ जीबी, मध्यमला ०.७ जीबी, एचडीला ३ जीबीपर्यंत. फोनच्या सहा इंची पडद्यावर मध्यम दर्जा पुरतो. एचडीवर तासभर सामना पाहिला तरी दीड जीबीच्या पॅकचा दोन दिवसांचा कोटा जाऊ शकतो.

नेट नको, फक्त फोन हवा

घरातल्या वडीलधाऱ्यांना नेट लागत नसेल तर त्यांच्या नावावर रोजच्या डेटाचा पॅक मारू नका. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलला: फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे व्हाउचर देणे बंधनकारक झाले आणि अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवस झाली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक आले. जिओचा ८४ दिवसांचा ४४८ आणि ३३६ दिवसांचा १,७४८. एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ आणि ३६५ दिवसांचा १,८४९. इथेही दिवस मोजा: ३३६ दिवस म्हणजे वर्ष नव्हे, २९ दिवस कमी.

घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. घरी वायफाय आहे का? असेल तर व्हॉट्सअ‍ॅप चालेल, बाहेर पडले की थांबेल. ते बाजारात यूपीआय वापरतात का? वापरत असतील तर नेट लागेलच. आणि या पॅकवर वरून डेटा व्हाउचर चालते का? कंपनीकडून उत्तर घेऊनच पैसे भरा. फोनमधला मोबाइल डेटाही बंद करून ठेवा, म्हणजे चुकून नेट सुरू होऊन टॉपअप बॅलन्स कापला जाणार नाही. डेटा कंपनीकडूनच बंद करून हवा असेल तर १९२५ या मोफत क्रमांकावरून तशी विनंती करता येते.

दुसरे सिम जिवंत ठेवायचे असेल तर

बँकेला दिलेला जुना नंबर, गावाकडचा नंबर, वापर जवळपास शून्य. त्यासाठी दर महिन्याला पूर्ण रिचार्ज लागतोच असे नाही. ट्रायच्या नियमानुसार प्रीपेड नंबरवर ९० दिवस कॉल, एसएमएस, डेटा असा काहीच वापर नसेल तर तो बंद होऊ शकतो. पण खात्यात २० रुपये किंवा जास्त बॅलन्स असेल तर बंद न करता २० रुपये कापून ३० दिवस वाढवून मिळतात. बॅलन्स नसल्यामुळे बंद झालाच, तर तो परत सुरू करून घ्यायला १५ दिवसांची सवलत असते.

दोन गोष्टींत गल्लत करू नका. नंबर तुमच्या नावावर राहणे वेगळे, सेवा सुरू राहणे वेगळे. पॅक संपला की आधी आउटगोइंग जाते, काही दिवसांनी इनकमिंगही जाऊ शकते आणि मग ओटीपी येत नाही. बँकेचा नंबर त्या सिमवर असेल तर स्वस्तातला का होईना, चालू पॅक ठेवा. नाहीतर आधी बँक, आधार, गॅस आणि पीएफमध्ये नंबर बदला, मगच सिम सोडा. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. तुमचे ओटीपी मग त्याच्या फोनवर जातील.

आकड्यामागून येणारे रुपये

जीएसटी: प्रीपेडच्या किमतीत १८ टक्के जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या जाहिरातीत सहसा नसतो. ४४९ चा पोस्टपेड प्लॅन बिलात ५२९ रुपये ८२ पैसे होतो. तुलना करताना हा आकडा धरा. उशिरा भरल्याचा दंड वेगळा.

टॉपअप: १० रुपयांच्या टॉपअपवर ७ रुपये ४७ पैसे बॅलन्स मिळतो. बाकीचे कर आणि प्रक्रिया शुल्क. २० रुपये शिल्लक हवी असेल तर २० चा टॉपअप पुरत नाही.

प्लॅटफॉर्म फी: फोनपे, पेटीएम, गुगल पे यांवरून मोबाइल रिचार्ज केला तर एक-दोन रुपयांपासून पुढे शुल्क लागू शकते. शेवटच्या पानावरची रक्कम पाहा. जास्त दिसली तर कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपवरून त्याच पॅकची रक्कम तपासा.

एसएमएस: बहुतेक पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतात, पण काही स्वस्त पॅकमध्ये अगदी कमी किंवा नाहीच. नवीन फोनवर यूपीआय सुरू करताना तुमच्या सिमवरून एक एसएमएस जावा लागतो. पॅकमध्ये एसएमएस नसेल आणि बॅलन्सही नसेल तर नोंदणी तिथेच अडकते.

कॉलर ट्यून आणि तत्सम सेवा: बॅलन्स आपोआप कमी होत असेल तर १५५२२३ वर फोन करून कोणत्या सेवा सुरू आहेत ते विचारा आणि बंद करायला सांगा. क्रमांक मोफत आहे. जाहिरातींचे कॉल थांबवायला १९०९.

ऑटोपे: ‘पहिला महिना मोफत’ म्हणून घेतलेली अ‍ॅप्स नंतर दर महिन्याला पैसे घेतात. दोन ठिकाणी तपासा. प्ले स्टोअरमध्ये तुमच्या फोटोवर टिचकी मारून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’, आणि यूपीआय अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’. नको ते तिथूनच रद्द करा. फोनमधून अ‍ॅप काढून टाकले म्हणजे सबस्क्रिप्शन बंद झाले असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला सूचना यायला हवी. ते मेसेज न वाचता पुसू नका.

परदेश: मुलांकडे अमेरिकेला किंवा दुबईला जात असाल तर रोमिंग पॅक विमानात बसण्याआधी घ्या आणि पॅक सुरू होईपर्यंत ‘डेटा रोमिंग’ बंद ठेवा. पॅकशिवाय सुरू राहिलेले नेट एमबीच्या हिशेबाने पैसे खाते.

पंधरा मिनिटांत बदलायच्या सेटिंग्ज

हे सगळे फुकट आहे आणि पॅक एक पायरी खाली आणायला अनेकदा एवढेच पुरते.

व्हॉट्सअ‍ॅप: ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये जा. मोबाइल डेटावर फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, डॉक्युमेंट या चारही खुणा काढा. शुभ सकाळचे फोटो मग तुम्ही टिचकी मारल्यावरच उतरतील. कॉलसाठी ‘यूज लेस डेटा’ सुरू करा. चॅट बॅकअप फक्त वायफायवर.

प्ले स्टोअर: ‘सेटिंग्ज’, ‘नेटवर्क प्रिफरन्सेस’. अ‍ॅप अपडेट फक्त वायफायवर, व्हिडिओ ऑटोप्ले बंद. घरी वायफाय नसेल तर पॅकच्या शिल्लक डेटावर, रात्री अकराच्या सुमारास, हाताने अपडेट करा. एरवी तो डेटा बारा वाजता जाणारच असतो.

यूट्यूब: ‘व्हिडिओ क्वालिटी प्रिफरन्सेस’मध्ये मोबाइल नेटवर्कसाठी ‘डेटा सेव्हर’. इन्स्टाग्राम आणि फेसबुकमध्येही डेटा सेव्हर आहे, तो सुरू करा.

गुगल फोटोज: बॅकअपमध्ये मोबाइल डेटा बंद. लग्नसमारंभानंतर दोनशे फोटो आणि चार व्हिडिओ वर चढले की दिवसाचा कोटा सकाळीच संपतो. गुगलच्या खात्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मोफत असतात. ते भरले की जागा विकत घेण्याचा आग्रह सुरू होतो. पैसे भरण्याआधी मोठे व्हिडिओ संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर उतरवा.

फोन: ‘डेटा सेव्हर’ सुरू करा, म्हणजे मागे चालणारी अ‍ॅप्स नेट ओढणार नाहीत. बँक, व्हॉट्सअ‍ॅप अशा दोन-चार अ‍ॅप्सना त्यातून सूट द्या, नाहीतर मेसेज उशिरा येतील. मुलांच्या फोनवर ‘डेटा वॉर्निंग अँड लिमिट’ लावा.

हॉटस्पॉट: सगळ्यात मोठी गळती. लॅपटॉपला तुमचा हॉटस्पॉट वायफायच वाटतो, आणि तो विंडोजचे अपडेट निवांत उतरवून घेतो. विंडोजमध्ये त्या नेटवर्कला ‘मीटर्ड कनेक्शन’ करा. दुसरा अँड्रॉइड फोन जोडत असाल तर त्याच्या वायफाय तपशिलात ‘ट्रीट अ‍ॅज मीटर्ड’ निवडा.

नकाशे: कोकणात किंवा घाटमाथ्यावर जाण्याआधी गुगल मॅप्समध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा घरच्या वायफायवर उतरवा. डेटा वाचतो आणि रेंज गेल्यावर रस्ता चुकत नाही.

नवा फोन घेताना

फोनवर १८ टक्के जीएसटी आहे आणि तो छापील किमतीत धरलेला असतो. वरून ‘जीएसटीचे वेगळे’ कोणी मागितले तर देऊ नका. पक्के बिल घ्या आणि बिलावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, आहे का पाहा. फोनवर *#०६# डायल केले की तो दिसतो. बिल, खोका आणि फोन, तिन्हीकडे एकच हवा. हे बिल वॉरंटीला लागते आणि फोन चोरीला गेला तरी लागते. त्याचा फोटो स्वतःला ईमेल करून ठेवा.

किमतीत न दिसणाऱ्या वस्तू धरा: काही फोनच्या खोक्यात चार्जर नसतो, कव्हर आणि टेम्पर्ड ग्लासचे वेगळे पैसे. चार्जर बाहेरून घेतला तर त्यावर बीआयएसचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक पाहून घ्या. पडदा फुटला तर अधिकृत सेवा केंद्रात किती लागतील, हे फोन घेण्याआधीच विचारा. अनेक कंपन्या सुट्या भागांचे दर संकेतस्थळावर देतात.

‘नो कॉस्ट ईएमआय’ पूर्ण फुकट नसते. व्याज असतेच, तेवढी सूट किमतीत दाखवली जाते. व्याजावरचा जीएसटी मात्र तुमचा. समजा व्याज ८०० रुपये: त्यावर १८ टक्के म्हणजे १४४. बँकेचे प्रक्रिया शुल्क समजा १९९ अधिक जीएसटी: सुमारे २३५. झाले ३७९ रुपये. शिवाय रोखीने किंवा यूपीआयने मिळणारी सूट गेली. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना सप्टेंबर २०१३ मध्येच सुनावले आहे. दुकानातल्या फायनान्सवाल्याकडे आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील लागतो. सही करण्याआधी तीन आकडे लेखी मागा: प्रक्रिया शुल्क, हप्ता चुकल्यास दंड, एकूण परतफेड. विमा किंवा ‘प्रोटेक्शन प्लॅन’ न विचारता जोडला असेल तर काढायला लावा. ऑनलाइन कार्टमध्ये आपोआप टाकलेली वस्तू किंवा शेवटच्या पानावर उगवलेले शुल्क हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रतिबंधित केलेल्या फसव्या पद्धतींमध्ये येते. स्क्रीनशॉट काढा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

जुना फोन घेत असाल तर पैसे देण्याआधी केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरे, मग मोकळी जागा आणि १५ आकडी आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन ब्लॉक केलेला किंवा डुप्लिकेट आयएमईआयचा निघाला तर तिथूनच परत फिरा.

कंपनी बदलायची असेल तर

पोर्ट हा इंग्रजी शब्द, मोकळी जागा, तुमचा दहा आकडी नंबर असा एसएमएस १९०० वर पाठवा. पॅकमध्ये एसएमएस नसला तरी हा एसएमएस जाऊ द्यावा, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. मिळालेला यूपीसी कोड महाराष्ट्रात चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जा.

अटी: सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचे बिल भरलेले हवे. नुकतेच सिम बदलले असेल तर सात दिवस थांबावे लागते. त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. मुंबई, ठाणे, नवी मुंबई हे एक सर्कल. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा हे दुसरे. त्यामुळे ठाण्याहून पुण्याला आलात तर पाच दिवस धरा. जुना पॅक आणि बॅलन्स बुडतो, म्हणून पॅक संपत आल्यावरच पोर्ट करा.

नवे सिम घेताना अंगठा किंवा चेहरा एकदाच द्या. ‘पहिला आला नाही, परत द्या’ असे झाले तर घरी येऊन ‘संचार साथी’ संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते पाहा आणि अनोळखी असेल त्याची तिथेच तक्रार करा. मर्यादा नऊ सिमची आहे. त्याहून जास्त निघाली तर दूरसंचार कायदा २०२३ मध्ये पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

फोन हरवला तर, याच क्रमाने

दुसऱ्या फोनवरून कंपनीला कळवून सिम बंद करा. बँकेला कळवून यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. गुगलच्या ‘फाइंड हब’वरून फोन लॉक करा. पोलिसांत तक्रार नोंदवून प्रत घ्या. ओळखपत्र दाखवून त्याच नंबरचे नवे सिम घ्या आणि शुल्काची पावती मागा. सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी २४ तास एसएमएस बंद असतात, तेव्हा त्या दिवशी ओटीपी लागेल असे काम ठेवू नका. मग संचार साथीवर आयएमईआय ब्लॉक करा. लागणारी कागदपत्रे: तक्रारीची प्रत, फोनचे बिल, ओळखपत्र. एजंटला पैसे द्यायची गरज नाही, ही सेवा मोफत आहे.

पैसे चुकीचे कापले तर

१९८ हा तक्रारीचा मोफत क्रमांक. १२१ वर प्रतिनिधीशी बोलायला काही कंपन्या पैसे लावतात, म्हणून तक्रारीसाठी १९८ च. बोलणे संपण्याआधी तक्रार क्रमांक मागा आणि तो एसएमएसने आला का पाहा. क्रमांक नसेल तर तक्रार झालीच नाही असे समजा. उत्तर पटले नाही किंवा मुदतीत आलेच नाही तर ३० दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. फी नाही, वकील नाही, अर्ज कंपनीच्या संकेतस्थळावरून करता येतो आणि निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. अर्जासोबत तीन गोष्टी जोडा: तक्रार क्रमांक, रिचार्जची पावती आणि पैसे कापले गेल्याचा स्क्रीनशॉट. रक्कम २० रुपयांची असली तरी करा. तेवढेच पैसे पुढच्या महिन्यातही कापले जाणार असतात.